झोळीखालचा शिकरा

लेक साडेतीन महिन्यांची झाली तेव्हा मी माहेराहून बोईसरला परत आले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पुढे एक खोली, आत स्वयंपाकघर आणि खोलीला लागून मागच्या बाजूला लांबट गॅलरी. गॅलरीतून खाली कंपाऊंडची भिंत दिसे, भिंतीपलीकडे मोकळा प्लॉट. प्लॉटवर शिरीषाची दोन जुनी झाडं, एक ताड आणि बरीचशी बाभळीची झुडपं. त्यापलीकडे कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड सुरू व्हायच्या. माझे यजमान त्यातल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे.

सासूबाई बाळासाठी म्हणून बीडकडच्या आमच्या गावाहून आल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. येताना त्यांनी ज्वारीचं अर्धं पोतं आणि स्वतःची एक जुनी नऊवारी आणली होती. ज्वारी भाकरीसाठी, नऊवारी झोळीसाठी. खोलीत पंख्याच्या बाजूला छताला एक रिकामा हूक होता. त्याला त्यांनी झोळी बांधली, दोनदा स्वतःचा भार टाकून पाहिली आणि मग लेकराला आत ठेवलं. झोळी बरीच खाली लोंबायची. पडलं तरी लागू नये, असा त्यांचा हिशेब.

गॅलरीत एका फुटक्या कुंडीत कबुतरासारख्या दिसणाऱ्या होल्यांच्या जोडीनं घरटं केलं होतं. घरटं कसलं, दहा-बारा काड्या टाकल्या होत्या. आत्याबाई रोज सकाळी कठड्यावर चिमूटभर ज्वारी टाकायच्या. होल्याची मादी आम्हाला इतकी सरावली होती की मी हातभर अंतरावर दुपटी वाळत घातली तरी ती उठायची नाही. मान आत घेऊन बसून राहायची.

त्या दिवशी यजमान पहिल्या शिफ्टला गेले होते. आत्याबाई खाली हातगाडीवर भाजी घ्यायला उतरल्या होत्या. बाळ झोळीत झोपलं होतं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. गॅलरीचं दार उघडं होतं, ते नेहमीच उघडं असायचं.

आधी आवाज आला. ओलं कापड कुणीतरी भिंतीवर जोरात फेकून मारावं तसा. मला वाटलं कॅलेंडर पडलं. पिठाचे हात तसेच धरून मी दारात आले, तर भिंतीच्या कडेला होला पडला होता. एक पंख उघडा, एक मिटलेला. तो उठून पळायच्या प्रयत्नात धडपडत झोळीखाली आला. तेवढ्यात गॅलरीतून काहीतरी आत आलं. ते आलेलं मला दिसलंच नाही. जमिनीला लागून एक राखाडी रेघ ओढली गेली, एवढंच. पुढच्या क्षणी झोळीच्या बरोबर खाली, होल्याच्या अंगावर एक पक्षी उभा होता.

कबुतरापेक्षा मोठा नसेल. पण त्यानं दोन्ही पंख छत्रीसारखे खाली पसरले, शेपटी फरशीवर टेकवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तो मला केवढा तरी वाटला. डोळे तांबूस, गोल. पापणी न हलवता पाहत होता. छातीवर बारीक तांबड्या आडव्या पट्ट्या. पिवळे, लांब, सडपातळ पाय. त्या पायांच्या बोटांमध्ये होल्याची छाती होती आणि होला जिवंत होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा शिकार इतक्या जवळून पाहत होते. मला वाटायचं की असे पक्षी चोचीनं मारतात. त्यानं चोच लावलीच नाही. तो नुसता उभा होता आणि पायाची बोटं आवळत होता. होल्यानं धडपड केली की बोटं आणखी मिटायची. होला गप्प झाला की तीही थांबायची. मग पुन्हा होला फडफडायचा, पुन्हा बोटं मिटायची. त्यात घाई नव्हती. होल्याची चोच उघडी होती आणि आवाज मात्र काहीच येत नव्हता.

ओरडावं तर तो उडेल, आणि उडेल तर वर, म्हणजे थेट झोळीत. न ओरडावं तर तो तिथंच राहणार. झोळीचं कापड त्याच्या डोक्यापासून फार तर वीतभर वर होतं. पंखा चालू होता. पंख्याच्या वाऱ्यानं झोळी किंचित हलायची आणि ती हलली की तो मान तिरकी करून वर बघायचा.

आणि बाळ जागं झालं.

आधी झोळीत आळस दिल्यासारखी हालचाल झाली. मग कुरकुर. मग कापडाच्या फटीतून एक हात बाहेर आला. तिची ती सवयच होती, जागी झाली की हात बाहेर काढायची आणि बोटं उघड-मीट करायची. शिकरा त्या हाताकडे पाहत राहिला. तो शिकरा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नाव नंतर कळलं. त्याच्या मानेवरची पिसं उभी राहिली. एक पाय त्यानं होल्यावरून उचलला आणि पुन्हा टेकवला.

मी भिंतीला पाठ लावली आणि सरकायला लागले. हाताचं पीठ भिंतीला लागत होतं. मी एक पाऊल सरकले की तो माझ्याकडे बघायचा, मी थांबले की पुन्हा वर. कपाटापाशी आले, मग पलंगापाशी. तिथून झोळी दोन पावलांवर होती, पण तिथं पोचायचं तर त्याच्या अगदी जवळून. माझ्या उघड्या पावलांपासून तो एवढासा लांब होता की त्याचा श्वास दिसत होता. पोटाकडची पिसं वर-खाली होत होती. मी वाकले नाही. वाकले तर तोंडावर येईल अशी भीती होती. उभ्यानंच हात लांबवून झोळीच्या कापडात घातले आणि लेक चाचपडत वर ओढली. ती पिठानं भरली. तिला काय वाटलं कोण जाणे, ती हसली.

मी तशीच पलंगावर चढले. भिंतीच्या कोपऱ्यात, लेकीचं डोकं छातीशी दाबून उभी राहिले. शिकऱ्यानं आता आमच्याकडे लक्ष देणं सोडलं. तो होल्याची पिसं उपटायला लागला. पिसं पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर उडत होती. एक माझ्या ओठाला येऊन चिकटलं. ते काढायलासुद्धा मी हात उचलला नाही.

मग जिन्यात आत्याबाईंच्या चपला वाजल्या. दार लोटल्याचा आवाज झाला आणि शिकरा उठला. होल्यासकट. वजन त्याला पेलत नव्हतं, तो फरशीवरून फरफटल्यासारखा गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत गेला, तिथं थांबला, एकदा मागे वळून पाहिलं आणि कठड्याच्या गजांमधून खाली झेपावला.

आत्याबाई भाजीची पिशवी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. खोलीभर पिसं, झोळीखाली फरशीवर रक्ताचे ठिपके, भिंतीवर पिठाचे पंजे, आणि सून नातीला घेऊन पलंगावर.

"काय झालं गं? मांजर आलं व्हतं?"

मी गॅलरीकडे बोट दाखवलं. तुटक तुटक सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, लेकीला माझ्याकडून घेतलं, तिचे हात-पाय, कान, टाळू सगळं तपासलं. मग झोळीखालचे ठिपके पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"झोळीखाली? बरोबर झोळीच्या खाली?"

"हो."

त्यांनी झोळी सोडली. ती नऊवारी घडी करून आपल्या कपड्यांच्या पिशवीत कोंबली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी लेकीची दृष्ट काढताना त्या पुटपुटत होत्या. मला अशा गोष्टींवर फारसा विश्वास नाही. पण त्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसून राहिले आणि त्यांनी माझ्यावरूनही मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात असं मला वाटत होतं.

यजमान आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. "अगं, पाखरू ते. लेकराला काय करणार?" मग गॅलरीत गेले, कुंडीतलं उघडं पडलेलं घरटं पाहिलं, त्यातली दोन अंडी पाहिली आणि आत येऊन दार लावून घेतलं.

नाव मला खालच्या मजल्यावरच्या ताईंनी सांगितलं. त्यांचं माहेर वाणगावच्या बाजूला, मिरचीची शेती आणि कोंबड्या. त्या एका कंपनीत पॅकिंगला जायच्या.

"शिकरा हाय तो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं लय हायत. कोंबडीची पिलं उचलतो ना. आई दाणे टिपत असते, तिच्या पोटाखालनं पिलू उचलून नेतो. तिला कळत पन नाय."

त्या सहज बोलल्या होत्या. मी मात्र त्यातला प्रत्येक शब्द घेऊन वर आले.

त्यानंतरचे दिवस मी काचेच्या दाराआडून काढले. दार बंद, खिडकी बंद. बाहेर मार्च तापायला लागलेला, आमच्याकडे दमट हवेत घाम वाळत नाही. लेकीच्या मानेवर घामोळं आलं, तरी मी दार उघडू देईना. काम नसलं की मी दाराशी उभी राहून शिरीषाकडे बघत राहायची. भीती असली की माणूस त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा बघतो.

घार दिसते. ती उंच आभाळात फिरत असते, तिची सावलीसुद्धा जमिनीवरून फिरते, कोंबड्याही वर बघून पळतात. शिकरा तसा दिसत नाही. तो पानांच्या आत, खोडाला चिकटून बसायचा. मी तासन् तास पाहूनही झाड रिकामं वाटायचं आणि मग एकदम त्याच झाडातून तो निघायचा. निघाला की खाली पडायचा, अगदी दगड टाकल्यासारखा. कंपाऊंडच्या भिंतीच्या उंचीला आला की भिंतीआडून, जमिनीला लागून उडायचा. भिंतीच्या अलीकडे चिमण्या मातीत अंघोळ करत असायच्या. त्यांना तो भिंतीमुळे दिसायचा नाही. बरोबर त्यांच्या समोर आला की भिंतीवरून उसळी मारून वर. बाकीच्या उडून जायच्या, एखादी राहायची. कधी कुणीच सापडायचं नाही, मग तो ताडावर जाऊन बसायचा आणि अंग झटकायचा. कधी सरडा धरायचा. एकदा खारीच्या पिलाला धरलं तेव्हा पिलाची आई झाडावरून किती वेळ ओरडत होती.

हळूहळू मला एक गोष्ट कळली, आणि ती कळल्यानं माझी झोप आणखी उडाली. तो निघायच्या आधी सगळं गप्प व्हायचं. बुलबुल, साळुंक्या, चिमण्या, सगळ्यांचा आवाज एकदम बंद. खालून कुणी रेडिओ बंद करावा तसा. स्वयंपाक करताना बाहेरचा आवाज थांबला की माझे हातही थांबायचे. धावत जाऊन मी लेक उचलायची. आत्याबाई नुसत्या बघायच्या. एकदा तर शेजारच्यांची पाण्याची मोटार बंद पडली आणि त्यानं शांतता झाली, तेव्हाही मी अशीच धावले. कढईतली भाजी करपली.

बाजारात जायचीही पंचाईत झाली. बोईसरच्या मासळी बाजारावर घारी असतातच. मी एकदा लेकीला कडेवर घेऊन गेले होते. माझ्या पुढची कोळीण टोपलीतून बोंबील उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकत होती. मागून घार आली. पुढून नाही, मागून. पंखाचा वारा माझ्या कानाला लागला आणि कोळणीच्या हातातला बोंबील गेला. त्या बाईनं एक शिवी हासडली आणि दुसरा बोंबील उचलला. घारीनं उडता उडताच पाय पुढं घेऊन तो खाल्ला. सगळे हसत होते. मी मात्र तिथंच लेकीवर वाकून बसले होते, भर बाजारात, चिखलात गुडघे टेकून. पुढे कित्येक दिवस मी पाऊस नसताना, ऊन नसताना छत्री उघडून बाजारात जायची.

"असं किती दिवस चालायचं?" यजमान एके दिवशी म्हणाले, आणि रविवारी कबुतरांची जाळी लावणाऱ्या माणसाला घेऊन आले. त्यानं गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनची जाळी ताणून बसवली. जाताना मला म्हणाला, "भाभीजी, अब कबूतर का बाप भी नहीं आएगा."

मला बरं वाटलं. जाळी इतकी बारीक दोऱ्याची होती की दोन पावलं मागं आलं की दिसायचीही नाही, पण हातानं ओढून पाहिली तर घट्ट. मी पुन्हा दार उघडायला लागले. चिमण्या जाळीच्या भोकांतून आत येऊन ज्वारी खायच्या. लेकीचं घामोळं कमी झालं. आत्याबाईंच्या माहेरी लग्न होतं, त्या गावी गेल्या.

मे महिन्यातली दुपार होती. लाईट गेलेली. लेक आता पालथी पडायला शिकली होती. खाली गोधडीवर तिला टाकून मी शेजारी पुठ्ठ्यानं वारा घालत बसले होते. गॅलरीत चिमण्यांचा कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला. मी लेकीला उचलायला हात पुढं केला आणि तेवढ्यात जाळी आतल्या बाजूला फुगल्यासारखी आली, आणि किंकाळी फुटली.

तो जाळीत अडकला होता. चिमण्यांमागे सगळ्या जोरानं आला असणार. एक पंख भोकातून आत आणि मुडपलेला, एक पाय दोऱ्यांत गुंतलेला, आणि तो उलटा लोंबकळत होता. जितका फडफडायचा तितका जास्त गुंतत होता. आवाज तर असा काढत होता की लेक प्रत्येक किंकाळीला दचकून रडत होती.

मी लेकीला घेऊन स्वयंपाकघरात पळाले आणि दार लावून घेतलं. वाटलं, सुटेल आपोआप. सुटला नाही. वर कावळे जमले. त्यांचा गलका वाढत गेला. फटीतून पाहिलं, तर चार-पाच कावळे जाळीला बाहेरून लटकून त्याची शेपटी ओढत होते. एकानं पीस उपटलं. एकाची चोच त्याच्या डोळ्याच्या रोखानं जात होती. इतके दिवस ज्याच्या भीतीनं माझी झोप गेली, तो पक्षी कावळ्यांकडे चोच वासून ओरडत होता.

यजमानांना फोन केला. त्यांचा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये असतो, आत नेऊ देत नाहीत. वाजून वाजून बंद झाला. खालच्या ताई कामावर. पुढच्या खिडकीतून वॉचमनला हाक मारली. त्यानं मागं जाऊन वर पाहिलं, हात झटकला. "मरने दो भाभी, थोड़ी देर में मर जाएगा."

मला त्याची दया आली, असं मी सांगणार नाही. तो मरून माझ्या दारासमोर लोंबत राहील, संध्याकाळपर्यंत, उलटा, ही कल्पनाच मला सहन होईना. आणि लेकीचं रडणं थांबत नव्हतं. मी तिला खोलीतल्या पलंगावर उशांच्या मध्ये ठेवलं. यजमानांचे कंपनीतले जुने चामड्याचे हातमोजे सिलेंडरमागे पडलेले असत, ते घातले. भाजीची कात्री घेतली, ओला टॉवेल घेतला. गॅलरीत गेले आणि काचेचं दार माझ्या मागं सरकवून लावून घेतलं. म्हणजे काही झालं तरी तो आत जायला नको.

कावळे उडाले. आता आम्ही दोघंच होतो. त्यानं मला पाहिलं आणि गप्प झाला. ते गप्प होणं किंकाळ्यांपेक्षा वाईट होतं. मी टॉवेल त्याच्यावर टाकला, डोकं झाकलं गेलं, आणि त्याची फडफड थांबली. मी पंखाभोवतीचे दोरे कापायला लागले. कात्रीचं टोक दोऱ्याऐवजी पिसांत जायचं. एक दोरा, दुसरा दोरा. पंख सुटला. मग अडकलेल्या पायाभोवतीचं जाळं. ते कापण्यासाठी मी डावा हात खालून आधाराला लावला.

त्याचा मोकळा पाय माझ्या हातावर आला.

मोज्याच्या शिवणीतून नख आत गेलं. तर्जनीच्या मुळाशी. मी हात मागं ओढला, तर बोटं मिटली. आणखी ओढला, आणखी मिटली. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती मला दुसऱ्याच कुणाचीतरी वाटली. टॉवेल पडला. उरलेले दोरे त्या झटक्यानं तुटले आणि तो सबंधच्या सबंध माझ्या हाताला धरून राहिला. हात झटकावा तर नख हाडाला लागत होतं. मी झटकला. दोनदा झटकला. त्या दोन्ही वेळा त्यानं असं आवळलं की डोळ्यांपुढं काळोख आला.

मी गॅलरीच्या फरशीवर बसले, मांडीवर हात, हातावर शिकरा. काही शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, तर ताकदच उरली नाही म्हणून मी हलायची थांबले. तो माझ्या चेहऱ्यापासून हातभर लांब होता. चोच उघडी, जीभ दिसत होती, धापा टाकत होता. डोळ्यांत माझ्याविषयी राग वगैरे काही दिसला नाही. काहीच दिसलं नाही. मला होल्याची ती उघडी चोच आठवली. तो का ओरडत नव्हता ते आता कळत होतं. ओरडायलाही अंग हलवावं लागतं.

आत लेक रडत होती. काचेतून दिसत होतं, ती उशीवर चढू पाहत होती. पलंगाच्या कडेकडे सरकत होती. मी तिला हाकही मारू शकत नव्हते. मी हळू श्वास घ्यायला लागले. घेतलेला श्वास सोडतानाही भीती वाटत होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. नखाचा दाब आधी थोडा सैल झाला. मला वाटलं, भास. मग एक बोट उघडलं. मग दुसरं. नख बाहेर आलं तेव्हा आत शिरताना दुखलं नव्हतं इतकं दुखलं, पण मी हात हलवला नाही. तो मोज्यावरच उभा राहिला, एक पंख थोडा खाली सोडलेला. मान फिरवून त्यानं कापलेल्या जाळीचं भोक पाहिलं. आणि गेला. खाली इतका गेला की मला वाटलं पडला. भिंतीच्या टोकाला पोट घासून वर उठला आणि शिरीषात शिरला. कावळे त्याच्या मागं.

मी दार सरकवलं, रांगतच आत गेले आणि उजव्या हातानं लेकीला पलंगाच्या कडेवरून ओढून घेतलं. मोजा काढला तेव्हा आत रक्त साचलं होतं.

संध्याकाळी ताई कामावरून आल्या आणि मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "काय चावलं? कुत्रं?"

"शिकरा," ताई म्हणाल्या. "चावला नाय, पकडली तिला."

डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. परत येताना रिक्षात ताईंनी माझा दुसरा हात धरून ठेवला होता. "एकटीनं कशाला गेलीस गो?" त्या म्हणाल्या. मला एकदम रडू आलं. दुपारभर आलं नव्हतं ते.

यजमान घरी आले. जाळीचं भोक, गॅलरीतली पिसं, माझा बांधलेला हात, सगळं त्यांनी आळीपाळीनं पाहिलं.

"मी असतो तर काठीनं हाणला असता."

"तुम्ही नव्हता तेच बरं झालं," मी म्हणाले. रागानं नाही. खरंच तसं वाटलं म्हणून.

रात्री जेवणं झाल्यावर आत्याबाईंना फोन लावला. मला वाटलं होतं त्या आधी नातीचं विचारतील. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. लग्नघरातला गोंगाट मागं ऐकू येत होता.

"जिता गेला न्हवं?"

"गेला."

"आन् तुझं बोट?"

"सुजलंय. वाकत नाही."

"हळदीचा लेप लावू नकोस, डॉक्टरनं बांधलंय ना? मग ऱ्हाऊ दे तसंच," त्या म्हणाल्या. "मी परवा येते. लग्न काय, व्हईल माझ्याबिगर."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी सुट्टी घेतली. मला पीठ मळता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पोहे केले, फार तिखट झाले. मग शिडीवर चढून त्यांनी सगळी जाळी उतरवली आणि तिच्या जागी दोरीवर जुन्या चादरी टांगल्या. चादर पाखराला लांबून दिसते, जाळी दिसत नाही, असं ताईंनी सांगितलं होतं. मी खोलीत लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. प्लॉटवर पाखरांचा आवाज चालू होता. मी तो कान देऊन ऐकत होते, बंद पडतो का म्हणून.

"स्वयंपाकघराची खिडकीसुद्धा लावून घ्या ना," मी म्हणाले.

गॅस चालू होता, खोलीत उकडत होतं. ते शिडीवरून उतरले, आत गेले आणि त्यांनी खिडकी लावली.